गाडीच्या एसीचा कुबट वास साफ करूनही परत येतो? मग हे बघा

एसी चालू केला की पहिलं अर्धा-एक मिनिट कुबट वास येतो, मग हळूहळू कमी होतो, सिग्नलला थांबलं की परत एक भपकारा, सर्व्हिसिंगला सांगितलं की ते कसला तरी स्प्रे मारून देतात, थोडे दिवस बरं वाटतं आणि मग पहिले पाढे पंचावन्न. जून लागला की ओळखीतल्या निम्म्या गाड्यांची हीच तक्रार असते, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकतोय. पोस्ट लांब आहे, पण वास जर दरवर्षी परत येत असेल तर पूर्ण वाचा, कारण अर्धवट केलं की तो येतोच.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. वास परत येतोय म्हणजे गाडीत कुठेतरी पाणी थांबतंय. ते कुठे थांबतंय हे सापडेपर्यंत फोम, स्प्रे, डॅशबोर्डवरचं जेल परफ्यूम हे सगळं नुसतं दिवस ढकलणं आहे.

आता पाणी येतं कुठून ते. डॅशबोर्डच्या मागे, बहुतेक गाड्यांत ग्लव्हबॉक्सच्या आसपास, कूलिंग कॉइल असते. ॲल्युमिनियमची, बारीक बारीक पत्र्यांची. ब्लोअरची हवा तिच्यातून जाते आणि गार होते, आणि हवा गार झाली की तिच्यातली वाफ पाणी होऊन पत्र्यांवर बसते. पावसाळ्यातली साधी ३० डिग्रीची, ८० टक्के दमट हवा घेतली तर तिच्या एका घनमीटरमध्ये साधारण २४ ग्रॅम पाणी असतं. तीच हवा १० डिग्रीपर्यंत गार केली तर तिच्यात जेमतेम ९ ग्रॅम राहू शकतं. उरलेलं १५ ग्रॅम कॉइलवर. ब्लोअर तासाला असे कितीतरी घनमीटर ढकलतो, त्यामुळे कोकणातल्या किंवा मुंबईतल्या जुलैत बाहेरची हवा घेऊन एसी चालवला तर तासाभरात लिटरभर पाणी सहज निघतं. हे पाणी कॉइलखालच्या ट्रेमध्ये पडून एका रबरी ड्रेन पाईपने रस्त्यावर जातं. गाडी थांबल्यावर डाव्या बाजूला खाली जे थेंब पडताना दिसतात ना ते हेच, आणि ते पडायलाच पाहिजेत. बरेच जण ते बघून घाबरतात. खरं तर ते पडत नसतील तेव्हा घाबरायचं.

कॉइल ओली, अंधार, वरून धूळ, परागकण, पानांचा चुरा, आणि गाडी रात्रभर बंद. बुरशी आणि बॅक्टेरियाला आणखी काय पाहिजे. त्यांचा एक बुळबुळीत थर पत्र्यांवर बसतो आणि सकाळी ब्लोअर लावला की त्याचा वास थेट तोंडावर. कॉइल गार होऊन पाण्याने भरली की वास थोडा दबतो, कॉम्प्रेसर कट झाला आणि कॉइल परत कोमट व्हायला लागली की पुन्हा येतो. सिग्नलवरच्या भपकाऱ्याचं कारण हेच, त्यात काही भूतबाधा नाही.

आधी वास ओळखा

सगळे वास एसीच्या बुरशीचे नसतात, आणि इथे चुकलं की पुढचं सगळं वाया. पावसाळ्यात न सुकलेल्या कपड्यांचा किंवा आंबूस, घामट मोज्यांचा वास आणि तो सुरुवातीलाच जास्त, मग तो कॉइलचा. एसी लावा नाहीतर बंद ठेवा, गाडीचं दार उघडल्या उघडल्याच कोंदट वास, मग तो कार्पेटचा, त्याचं खाली वेगळं लिहिलंय. गोडसर वास येतोय, काचेवर आतून तेलकट धुकं येतंय जे पुसलं तरी चिकट राहतं, आणि कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी कमी होतेय, तर तो हीटरच्या कोअरमधून, म्हणजे त्याच गरम द्रवाने केबिनची हवा तापवणाऱ्या जाळीतून, गळणारा कूलंट आहे. तो विषारी असतो, स्प्रे बिप्रे विसरा आणि गाडी गॅरेजला न्या. पेट्रोलचा किंवा धुराचा वास आत येत असेल तर गाडी चालवूच नका, कारण धुराबरोबर येणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला स्वतःचा वास नसतो आणि धुराचा वास हीच काय ती सूचना मिळते.

आणि सडका वास, ब्लोअर वाढवला की वाढणारा, दोनतीन दिवसांत असह्य होणारा, म्हणजे उंदीर किंवा पाल. पावसाळ्यात उंदीर कोरडी जागा शोधत बॉनेटखालून वर चढतात आणि फिल्टरच्या जागेत घरटं करतात. फिल्टर बाहेर काढला आणि त्याला कुरतडलेलं भोक, वर बॉनेटच्या अस्तराचा कापूस, असं दिसलं तर समजायचं. हे उघड्या हाताने साफ करू नका. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो, मुंबई-कोकणात दर पावसाळ्यात त्याच्या केसेस असतात. हातमोजे घाला, मास्क लावा, घरटं कोरडं झाडू नका, जंतुनाशकाच्या पाण्याने ओलं करून उचला आणि पिशवीत बांधून टाका.

कुबट वासच आहे हे नक्की झालं तर एक सोपी चाचणी करा. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी एसीचं बटण बंद ठेवून नुसता ब्लोअर लावा, आधी बाहेरची हवा, मग आतली हवा. दोन्हीकडे सारखाच वास असेल तर कॉइल किंवा फिल्टर. आतल्या हवेवर टाकल्यावर वास जास्त झाला तर केबिनमध्येच काहीतरी ओलं आहे, कारण आतली हवा पायाजवळूनच ओढली जाते आणि कार्पेटचा वास तिथून उचलला जातो.

फिल्टर

सुरुवात इथून करायची, स्वस्त आहे आणि घरी होतं. बहुतेक गाड्यांत ग्लव्हबॉक्स रिकामा करायचा, दोन्ही बाजू आत दाबायच्या, तो खाली लोंबतो, मागे एक आडवं किंवा उभं झाकण दिसतं, ते काढलं की फिल्टर हाताला येतो. काही गाड्यांत तो बॉनेटखाली वायपरच्या जाळीजवळ असतो. आणि काही जुन्या किंवा बेस मॉडेल गाड्यांत फिल्टर दिलेलाच नसतो, जागा असते पण झाकण बंद. अशा गाडीत सगळी धूळ वर्षानुवर्षं थेट कॉइलवर बसलेली असते, त्यामुळे तिथे वास लवकर येतो. बऱ्याच मॉडेलना तिथे फिल्टर बसवता येतो, पार्टच्या दुकानात विचारा.

फिल्टर काढल्यावर लगेच फेकून देऊ नका, आधी बघा. आमच्या सोसायटीत गुलमोहराखाली उभी राहणारी एक गाडी आहे, तिचा फिल्टर काढला तेव्हा घड्यांमध्ये गुलमोहराची ती बारीक पानं ठासून भरलेली, तांदळाच्या दाण्याएवढी, वरची सुकलेली पण आतली काळी पडून एकमेकांना चिकटलेली, आणि एका कोपऱ्यात राखाडी बुरशी. फिल्टर नाकाजवळ न्यायचीही गरज नव्हती. गुलमोहर, चिंच, सोनमोहोर ही झाडं या बाबतीत सगळ्यात वाईट, कारण त्यांची पानं इतकी लहान की काचेखालच्या जाळीतून सरळ आत जातात. आंब्याचं पान वरच अडकतं. म्हणून फिल्टर बदलताना बॉनेट उघडून वायपरखालची जाळीपण साफ करा, तिथे पाणी जायला कोपऱ्यात भोकं असतात ती पानांनी बुजलेली असतात आणि मग तिथलं साठलेलं पाणी ब्लोअरमध्ये उतरतं.

फिल्टर धुवू नका. कागदी असतो, धुतला की घड्या फुगतात आणि ओल आतच राहते. हवा मारून वरची धूळ जाते, वास जात नाही. साध्या हॅचबॅकचा फिल्टर चारपाचशेच्या आत मिळतो, त्यात कंजुषी कशाला. कार्बनवाला थोडा महाग, तो बाहेरचा धूर आणि नाल्याचा वास कमी करतो, पण कॉइल फिल्टरच्या पुढे असेल, आणि ती असतेच, तर कॉइलचा वास तो थांबवणार नाही. एवढं समजून घ्या आणि मग कुठलाही घ्या. कंपन्या साधारण १० ते १५ हजार किलोमीटर सांगतात, आपल्याकडची धूळ बघता वर्षातून एकदा तरी बदलाच, पावसाळा संपल्यावर बदललात तर उत्तम. फिल्टरवर हवेच्या दिशेचा बाण असतो, जुना कसा होता ते काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

पण थांबा, कॉइल साफ करायची असेल तर नवा फिल्टर त्यानंतर बसवायचा. आधी बसवला तर तोच वास त्याला लागतो.

ड्रेन पाईप, म्हणजे खरा चोर

मला विचाराल तर साफ करूनही परत येणाऱ्या वासात निम्म्याहून जास्त वेळा गडबड इथे असते, आणि सर्व्हिस सेंटरवाला इथे बघतच नाही. चाचणी अगदी सोपी. दमट दिवशी गाडी सपाट जागी उभी करा, एसी फुल, पंधरावीस मिनिटं. खाली डाव्या बाजूला पाणी टपटपायला पाहिजे. नाही टपकलं तर ते आतल्या ट्रेमध्ये साठतंय. (विदर्भातल्या मे महिन्यात हवाच कोरडी असते, तिथे पाणी कमीच पडणार, त्यावरून निष्कर्ष काढू नका.) दुसरी खूण म्हणजे वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर डॅशबोर्डमधून पाणी डचमळल्याचा आवाज. तिसरी, डाव्या सीटसमोरचं कार्पेट ओलं, आणि पाऊस नसतानाही ओलं.

पाईप बोटाएवढा जाड असतो, इंजिनमागच्या पत्र्यातून खाली निघतो. आत चिखल, पानांचा लगदा, कधी किड्याचं घर. गाडी गॅरेजमधल्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर असेल तर खालून दिसतो. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरायचं नाही, हे सांगायला लागू नये पण सांगतो. पाईपचं टोक दोन बोटांनी दाबून बघा, आत कडक गोळा लागतो. तोंडाखाली थेट डोकं घेऊ नका, कारण तो गोळा सुटला की काळपट, शेवाळी पाणी एकदम भसकन येतं आणि त्याचा वास म्हणजे केबिनमध्ये येत होता तोच, फक्त दसपट. तो आला की एक बरं असतं, निदान चोर सापडला.

काढायचं कसं? गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी किंवा मऊ वायर, हळू हळू फिरवत. लोखंडी तार घालू नका. पाईप संपला की लगेच कॉइलचा डबा, तिचे पत्रे पातळ, भोक पडलं की एसीचा गॅस गेला आणि मग खर्च कुठल्या कुठे. खालून जोरात हवा मारणंही मला पटत नाही, त्याने घाण उलटी वर कॉइलवर जाते. ओलं खेचणारा व्हॅक्युम क्लीनर असेल तर पाईपच्या तोंडाला लावून घाण खाली ओढणं सगळ्यात सुरक्षित. झालं की परत पंधरा मिनिटं एसी लावून पाणी पडतंय ना ते बघा, आणि मगच कॉइल साफ करायच्या फोमकडे (पुढे लिहिलंय) वळा. पाईप बुजलेला असताना फोम मारला तर तो फोमही आतच बसणार.

कॉइलची सफाई

बाजारात कॉइलसाठीचा फोम क्लीनरचा कॅन मिळतो, सोबत लांब नळी असते. फिल्टर काढलेल्या जागेतून टॉर्च मारून आधी आत बघा. समोर ॲल्युमिनियमचे बारीक पत्रे दिसले तर नशीब चांगलं, तिथून थेट फोम मारता येतो. खाली पंख्याची पाती दिसली तर फिल्टर ब्लोअरच्या वर आहे, तिथे फोम ओतायचा नाही, मोटर आणि ब्लोअरचा वेग ठरवणारा रेझिस्टर भिजतात आणि उद्या ब्लोअर फक्त चार नंबरवरच चालतो अशी नवी तक्रार घेऊन बसाल. अशा गाडीत नळी खालून ड्रेन पाईपमधून वर सरकवून फोम सोडतात. हाताला सवय नसेल तर ओळखीच्या मेकॅनिककडून करून घ्या, पण समोर उभं राहून.

इंजिन, एसी, ब्लोअर सगळं बंद. कॅनवर लिहिलंय तेवढाच फोम, सगळा कॅन एकदम रिकामा केला तर फोम डॅशबोर्डच्या जाळ्यांतून बाहेर येतो. पंधरावीस मिनिटं तसंच सोडायचं. खाली वर्तमानपत्र किंवा पांढरा ट्रे ठेवा, फोम विरघळून खाली येतो तो चहाच्या रंगाचा असतो, कधी त्याहून काळा, आणि दुसऱ्या वेळी बराच फिका. पहिल्या फेरीचं पाणी काळं आलं तर दुसरी फेरी करा, ढकलत बसू नका. मग ब्लोअर आधी एक नंबरवर, खिडक्या उघड्या, बाहेरची हवा.

नंतर सुकवणं. इथे लोक हीटर फुल करून बाहेरची हवा लावतात आणि वाटतं कॉइल सुकतेय. खरं म्हणजे हवा आधी कॉइलमधून जाते आणि मग हीटरमधून, त्यामुळे कॉइलला गरम हवा लागतच नाही, फक्त तुम्हाला लागते. कॉइलला गरम हवा द्यायची तर हीटर फुल करून आतली हवा फिरवायची, काचा बंद, आपण बाहेर. दहा मिनिटांत केबिन भट्टी होते आणि ती गरम हवा कॉइलमधून जाते. मग सगळी दारं उघडून बाहेरची हवा, म्हणजे वाफ निघून जाईल. हे मोकळ्या जागेतच, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये किंवा बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून मुळीच नाही. गाडीत कोणी नको, लहान मूल तर नकोच.

काय करू नये तेही सांगतो कारण व्हॉट्सॲपवर रोज एक उपाय फिरत असतो. ब्लीच किंवा टॉयलेट क्लीनर कॉइलवर मारू नका, ॲल्युमिनियम खाल्लं जातं. व्हिनेगरही ॲसिडच, त्याचाही मोह नको. सॅनिटायझर किंवा डिओ जाळीतून मारत ब्लोअर लावायचा हा प्रकार तर भयंकर, अल्कोहोल पेट घेतं आणि ब्लोअरच्या मोटरला ठिणगी असते. डांबरगोळ्या गाडीत ठेवू नका, नॅप्थॅलीनची वाफ बंद केबिनमध्ये श्वासावाटे जाते, लहान मुलांना आणि जी-सिक्स-पी-डी (रक्तपेशींना जपणारं एक एन्झाइम) कमी असणाऱ्यांना तर जास्तच धोका, त्याने रक्तपेशी फुटू शकतात. कापराची वडी ठेवली तर ठेवा, वास चांगला येईल, बुरशी जाईल ही अपेक्षा ठेवू नका. ओझोन मशीन लावून देणारे आता खूप झालेत. त्याने केबिनमधला वास बऱ्यापैकी जातो हे खरं, पण ओझोन फुफ्फुसाला वाईट आणि रबरालाही वाईट, लावताना गाडीत कोणी नको आणि नंतर दारं उघडून चांगली हवा खेळू द्यायची. पाणी साठत असेल तर तेही वरवरचंच.

सर्व्हिस सेंटरला साधारण संवाद असा होतो. ‘सर, एसीचं डिसइन्फेक्शन करून टाकू, वास जाईल.’ ‘म्हणजे नक्की काय करणार?’ ‘सर, मशीन लावतो ना.’ ‘फिल्टर काढून कॉइलवर मारणार की डॅशबोर्डच्या जाळीतून?’ इथे तो जरा थांबतो. जाळीतून मारणार असेल तर दीड-दोन हजाराचा परफ्यूम आहे तो, नको म्हणा. कॉइलवर फोम, ड्रेन चेक आणि जुना फिल्टर परत हातात, या तीन गोष्टी जॉबकार्डवर लिहून घ्या. कोणी वास येतो म्हणून गॅस भरायला सांगत असेल तर त्याचा काही संबंध नाही. गॅस कमी असेल तर थंडावा कमी होतो, कुबट वासाचं ते कारण नव्हे.

कार्पेट ओलं असेल तर

सेव्हन-डी मॅट, म्हणजे गाडीच्या मापाने शिवलेली, पूर्ण फरशी झाकणारी जाड मॅट, हा हल्लीचा मोठा घोटाळा. दिसायला झकास, पण एकदा ओल्या चपला, छत्री, रेनकोट याचं पाणी कडेने खाली गेलं की वर येतच नाही. मॅटखाली कंपनीचं कार्पेट, त्याच्याखाली जाड फोम, तो पाणी धरून ठेवतो. वरून हात लावला तर कोरडं. चाचणी अशी की मॅट पूर्ण उचलायची, कार्पेटवर टिश्यू पेपर ठेवून त्यावर गुडघ्याने जोर द्यायचा. टिश्यू ओला झाला की आत तळं आहे.

पाणी कुठल्या बाजूला त्यावरून कारण कळतं. पुढे डावीकडे आणि एसी चालवल्यावरच, तर ड्रेन पाईप. पुढे डावीकडे पण चिकट, रंगीत, तर कूलंट. पाऊस झाल्यावर दाराच्या कडेने, तर दाराच्या आतलं प्लास्टिकचं शीट बघा. हे फार कॉमन आहे. बाहेरून स्पीकर किंवा पॉवर विंडो बसवताना ते शीट फाडतात, परत नीट चिकटवत नाहीत, आणि काचेवरून दारात उतरणारं पाणी खालच्या भोकांतून बाहेर जायच्या ऐवजी केबिनमध्ये येतं. दाराखालची ती भोकंही काडीने मोकळी करा. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतून खाली जाणाऱ्या नळ्या बुजतात, मग पाणी छताच्या अस्तरातून खांबावाटे उतरतं. डिकीत स्टेपनी उचलून खाली बघा, मागच्या दिव्याचं रबर कडक झालं की तिथे पाणी साठतं आणि वास मात्र पुढे एसीतून येतोय असं वाटतं.

कारण बंद केल्याशिवाय सुकवण्यात अर्थ नाही. नंतर मॅट बाहेर, कार्पेट जेवढं उचलता येईल तेवढं उचलून खाली रद्दी कोंबायची, ती ओली झाली की बदलायची, दारं उघडून टेबलफॅन लावायचा. ऊन असेल तर प्रश्नच नाही. भर पावसाळ्यात कपाटात ठेवायचे ओल शोषणारे डबे बंद गाडीत ठेवले तर फरक पडतो, पण त्यात साठणारं खारट पाणी सांडू देऊ नका, पत्रा गंजतो. खूपच भिजलं असेल तर सीट काढून कार्पेट पूर्ण बाहेर, दुसरा इलाज नाही.

सेकंड हँड गाडी बघताना असा वास आला आणि विकणारा ‘बरेच दिवस बंद होती’ म्हणाला तर सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. पुरात बुडालेल्या गाडीचा बेल्ट वरून धुतलेला असतो पण गुंडाळलेल्या भागावर मातीची रेघ राहते. सीटच्या खालच्या पट्ट्या गंजलेल्या आहेत का तेही बघा. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणला किती गाड्या पाण्याखाली होत्या ते आठवा. भिजलेल्या गाड्या धुऊनपुसून, लांबच्या शहरात बाजारात येतात.

रोजची सवय

पोचायच्या तीनचार मिनिटं आधी एसीचं बटण बंद, ब्लोअर चालू, बाहेरची हवा. कॉइलवरचं पाणी निथळून जातं आणि ती बरीच सुकते. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात हे बिनधास्त करा. पावसात चालत्या गाडीत करताना जपून, कारण कॉइलवरचं पाणी वाफ होऊन आत येतं आणि काच एकदम धुरकट होते, घाटात तर अजिबात नको. त्याऐवजी पार्क केल्यावर काच दोन बोटं खाली करून ब्लोअर दोनतीन मिनिटं चालवा. बाहेरच हवा नव्वद टक्के दमट असेल तर कॉइल काही खडखडीत सुकणार नाही, पण ट्रेमधलं पाणी तरी निथळेल. काही नव्या गाड्यांत गाडी बंद केल्यावर ब्लोअर आपोआप थोडा वेळ चालून कॉइल सुकवतो, तो आवाज ऐकून बिघाड समजू नका.

दुसरी सवय आतल्या हवेच्या बटणाची. आपल्याकडे ते बटण एकदा दाबलं की गाडी विकेपर्यंत तसंच. ट्रकमागे किंवा कचरा डेपोजवळ ठीक आहे, पण मोकळ्या रस्त्यावर बाहेरची हवा घ्या, म्हणजे चार माणसांच्या श्वासातली आणि ओल्या कपड्यांची वाफ बाहेर जाईल.

हे सगळं करूनही वास राहिला तर शेवटचा उपाय कॉइल बाहेर काढून धुणं किंवा बदलणं. काही गाड्यांत ग्लव्हबॉक्स काढून ती निघते, काहींत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि एकदा उतरलेला डॅशबोर्ड नंतर खडखडतो अशी तक्रार बरेच जण करतात. म्हणून आधी एंडोस्कोप कॅमेरा (लांब वायरच्या टोकाचा बारीक कॅमेरा) घालून कॉइल दाखवायला सांगा, आता तो साध्या गॅरेजमध्येही असतो. पत्रे खरंच चिखलाने बुजलेले किंवा तेलकट हिरवे दिसले तरच हो म्हणा. तेलकट असेल तर तिथून गॅसही गळतोय, मग धुण्यात पैसे न घालता नवीनच टाका. काढण्याआधी गॅस मशीनने काढून घ्यायला सांगा, हवेत सोडू देऊ नका. बसवताना जोडांचे ओ-रिंग (रबरी कड्या) नवे, पाईपांतली हवा आणि ओल खेचून घ्यायला व्हॅक्युम किमान अर्धा तास, आणि गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमप्रमाणे वजन करून. डॅशबोर्ड उघडा आहेच तर ट्रे साबणाच्या पाण्याने धुऊन घ्या आणि ड्रेन पाईपचं रबर कडक झालं असेल तर तेही त्याच वेळी बदलून टाका.